दद्दांची अप

सिंघौरा

प्रिय जिज्जी,

राखी मिळाली. नेहमीप्रमाणे पाकिटात दोरा, चिमूटभर अक्षता आणि अक्षर एकही नाही. दद्दा गेल्यापासून तू मला अशीच राखी पाठवतेस, आणि मीही मुकाट्यानं शेजारच्या मुलीकडून ती बांधून घेतो. यंदाही तसंच केलं. पण यंदा गप्प बसवेना, म्हणून कागद पुढे ओढलाय, आणि सुरुवात कुठून करावी तेच कळत नाहीये. जन्मभर शाळेत पोरांना निबंधाचा आरंभ, मध्य आणि शेवट शिकवला. माझ्या या पत्राचा मात्र शेवटच आधी सुचतोय आणि आरंभाचा पत्ता नाही. डोक्याचा पार गोंधळ झालाय. वाचताना राग आला तर येऊ दे, पण मध्येच सोडून चुलीकडे जाऊ नकोस.

आधी बातमी. आपली छोटी लाइन बंद होतेय. पितृपक्षातल्या पहिल्या मंगळवारी सिंघौऱ्याहून शेवटची गाडी सुटेल, मग रूळ उखडतील आणि मोठी लाइन टाकतील. मुहूर्त कुणी काढला देव जाणे. बाजारात सगळे म्हणतायत की रेल्वेनं गाडीचं श्राद्धच घातलं. त्या दिवशी स्टेशनात मांडव पडणार आहे, भाषणं होणार आहेत, आणि लाइनच्या इतिहासाची एक छोटी पुस्तिका वाटणार आहेत. ती कुणी लिहायची, तर हरविलास मास्तरांनी, कारण ते गिरवर गार्डांचे, म्हणजे आपल्या दद्दांचे, चिरंजीव. मीही हुरळून हो म्हटलं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

इतिहास म्हणजे काय गं? मला वाटायचं, चार जाणत्यांना विचारावं आणि लिहून काढावं. चार जाणत्यांनी मला सहा गोष्टी सांगितल्या. रूळ इतके अरुंद का, एवढंच विचारत होतो. खाणवाले म्हणाले, महाराजांनी आपल्या लाडक्या हत्तिणीला उभं केलं आणि तिच्या दोन पायांमधलं अंतर मोजलं. राजज्योतिष्यांचा नातू म्हणाला, छे, ते माप पत्रिकेतून निघालं. जुन्या दिवाणांच्या घरचे हसले आणि म्हणाले, मास्तर, खजिन्यात जेवढं होतं तेवढे रुंद रूळ झाले. साल विचारलं तर प्रत्येकजण आपल्या घरातलं बाळंतपण सांगतो, अमक्या आत्याच्या वेळी इंजिन आलं म्हणे. एवढं मात्र खरं दिसतं, की तुमच्या पथरैनाच्या खाणीतला लाल दगड बाहेर न्यायला ही गाडी आली आणि माणसं आपणहून वर चढली. डब्यात मावेनात तेव्हा टपावर चढली. अजून चढतात. परवाच्या खेपेला टपावर एक नवरदेव होता, मुंडावळ्यांसकट.

एकाच गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं, आणि माझ्या गोंधळाचं मूळही तिथंच आहे. तुला ती माहीत आहे, तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझंच मला उलगडत नाहीये. महाराजांच्या राज्यात जंक्शनहून सिंघौऱ्याला येणारी गाडी अप. गादी सिंघौऱ्यात, म्हणून तिकडे जाणं म्हणजे वर जाणं. जंक्शनकडे जाणारी डाउन. मग संस्थान विलीन झालं, लाइन मोठ्या रेल्वेच्या ताब्यात गेली आणि एक साहेब हुकूम घेऊन आला. मोठ्या रेल्वेचं मुख्य ठाणं जंक्शनच्या पलीकडे, म्हणून आता जंक्शनकडे जाणारी अप आणि सिंघौऱ्याला येणारी डाउन. इंजिन तेच, डबे तेच, ड्रायव्हर तोच. काल जी सकाळी डाउन म्हणून सुटली ती आज अप म्हणून सुटली. कितीतरी महिने लोक भलत्याच वेळी स्टेशनात येऊन बसायचे म्हणे.

आणि आपल्या दद्दांनी ते कधीच मानलं नाही. ड्यूटीवर कागदावर लिहायचे, हुकमाप्रमाणे. तोंडानं नाही. "कागद सरकारचा आहे, जीभ माझी आहे," म्हणायचे. "गादीकडे जाणारी गाडी खाली जाते म्हणे. उद्या म्हणतील सूर्य खाली उगवतो." सगळं गाव चेष्टा करायचं. संध्याकाळी येणाऱ्या गाडीचं नावच पडलं, दद्दांची अप. कुणी म्हणालं की अपनं येतोय, तर पुढचा हमखास विचारायचा, "सरकारी का दद्दांची?" दारू पिऊन झुलत घरी निघालेल्या माणसालासुद्धा पोरं हाच प्रश्न विचारायची.

तुझ्या लग्नातला बँड आठवतो ना? दद्दांनी बँडवाल्याला बजावलं होतं की वरात अपला येतेय, स्टेशनात हजर राहा. बँडवाला नव्या जमान्यातला. तो सरकारी अपला, म्हणजे सकाळी सुटणाऱ्या गाडीला हजर झाला आणि खाणीवर निघालेल्या मजुरांना वाजतगाजत गाडीत बसवून जेवायला गेला. संध्याकाळी वरात उतरली तेव्हा फलाटावर एक ढोलकंसुद्धा नव्हतं. जीजाजी मांडवात सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबूजी, तुमची अप महाराजांबरोबरच गेली, तुम्ही अजून वाट बघताय." त्यांचं वय ते केवढं, आणि नव्या रेल्वेतली नवी नोकरी. तूसुद्धा पदराआडून हसलीस, मी पाहिलं होतं. दद्दा हसले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी जावयाशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तुझ्या घरची अप वेगळी आणि आपल्या घरची वेगळी झाली, ती झालीच.

मुलीच्या सासरच्या गावचं पाणी प्यायचं नाही हे आपल्याकडे सगळेच पाळतात. दद्दा जरा जास्तच पाळायचे. गाडी घेऊन इतक्या वेळा पथरैनावरून गेले, पण कधी तुझ्या उंबऱ्यापर्यंत आले नाहीत. मात्र तहान लागायचीच, आणि तुला बघायचं असायचंच. मग त्यांनीच तोड काढली. हॉल्टवरचा नळ महाराजांनी बसवलेला, जमीन रेल्वेची, तेव्हा ते पाणी काही तुझ्या सासरचं नव्हे. तू लोटा भरून उभी राहायचीस, ते गार्डाच्या डब्यातून वाकून घटाघटा प्यायचे आणि रिकामा लोटा तुझ्या हाती देताना त्यात काहीतरी टाकायचे. कधी तिळगुळाची गजक, कधी बांगड्या. निवृत्त झाल्यावरही काही ना काही निमित्त काढून तेवढ्यासाठी गाडीत बसायचे. आई म्हणायची, "तुझ्या बापाला सिंघौऱ्यात पाणी मिळत नाही."

आता त्या मंगळवारचं लिहितो. त्या महिन्यात मी त्यांना जंक्शनच्या डॉक्टरांकडे दोनदा नेऊन आणलं होतं. दुसऱ्या खेपेला परतताना ताप फार होता, म्हणून गाडीची वाट न बघता दगडाच्या ट्रकमधून त्यांना घरी आणलं. ते घरी आले हे तुला कळवायचं राहून गेलं. नंतर डॉक्टर म्हणाले, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्या. सोमवारी पहाटे दद्दांनी मला खाटेजवळ बोलावलं. "कस्तूरीला निरोप धाड. म्हणावं, मंगळवारी अपनं निघतोय. हॉल्टवर ये." मी स्टेशनात जाऊन फेरन गार्डाला जसेच्या तसे शब्द सांगितले, पथरैनाला पोचव म्हणून. परत आलो तर दद्दा डोळे मिटून स्वतःशीच हसत होते. म्हणाले, "या वेळी जावई हसायचा नाही." मला वाटलं, तापात बरळतायत. मी कपाळावर ओली पट्टी ठेवली.

मंगळवारी सकाळच्या गाडीनं निघालो. खिडकीशी त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. ओठ सुकून गेले होते. मी बाटली पुढे केली की ते हातानं बाजूला सारायचे. "थांब ना, कस्तूरी आणतेय." दर थोड्या वेळानं मी बाटली पुढे करायचो आणि दर वेळी तेच. पथरैना आलं. फलाटावर खाणमजूर होते, एक कुत्रं होतं, तू नव्हतीस. फेरननं हिरवा झेंडा बराच वेळ खाली धरून ठेवला. दद्दा नळाकडे बघत होते. गाडी हलल्यावर म्हणाले, "काही काम निघालं असेल तिला." मग त्यांनी तोंड फिरवलं. मी पुन्हा पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. शहरात पोचल्यावर सलाइन लागलं, पण तोंडानं घोट म्हणून नाही. दुसऱ्या दिवशी गेले.

घाटावर मी तुला काय बोललो ते पुन्हा लिहीत नाही, तुला ते पाठ असेल. तू एवढंच म्हणालीस, "मी उभी होते." आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर तुला खोटारडी ठरवलं, कारण रिकामा फलाट मी या डोळ्यांनी पाहिला होता. सकाळ की संध्याकाळ, हा प्रश्न तुझ्याही डोक्यात आला नाही आणि माझ्याही. यायचा तरी कसा? तेराव्यानंतर तू सिंघौऱ्याला आली नाहीस आणि मी पथरैनाला उतरलो नाही. मला राहून राहून वाटायचं, जीजाजींनीच तुला येऊ दिलं नसेल. ते तेव्हा बदलीवर दूर मोठ्या लाइनवर होते हेसुद्धा मी सोयीस्करपणे विसरायचो.

मागच्या पंधरवड्यात पुस्तिकेसाठी पथरैनाला उतरावंच लागलं. तुझं घर चुकवून खाणीकडे जायचा बेत होता. पण हॉल्टवर भगोती काकी मूगडाळीचे तळलेले मंगोडे विकत बसलेली, तिनं गाठलंच. म्हातारी झालीय, पण जीभ तशीच आहे. "कोण, कस्तूरीचा भाऊ लल्ला ना तू? केस पिकले तरी तोंड तेच. बहिणीच्या दारावरून चोरासारखा जातोस होय रे?" मी म्हटलं, काकी, तुला माहीत नाही तिनं काय केलं. तर ती माझ्यावरच उखडली. "मला माहीत नाही? फेरनचा निरोप मीच दिला तिला. दद्दा मंगळवारी अपनं, असा. मी म्हटलं, म्हणजे सकाळची. तर हसली तुझी बहीण. म्हणाली, काकी, तू माझ्या बापाला ओळखत नाहीस, दद्दांची अप म्हणजे संध्याकाळची. डॉक्टरांकडून घरी येतायत, बरं वाटलं असणार. लोटा घासून लखलखीत करून आणला होता तिनं. गाडी आली, गेली. कंदील लागले तरी हलायला तयार नाही. मी ओढून नेली घरी. आणि तू मला सांगतोस?"

मी मंगोडे हातात घेऊन तसाच बसून राहिलो. खाणीकडे गेलो नाही, तुझ्या घरी यायचा धीर झाला नाही, संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. रस्ताभर एकच कळत होतं, की तू उभी होतीस. तू खरं बोललीस आणि मीही खोटं बोललो नव्हतो. मग चुकलं कोण? आधी मला दद्दांचाच राग आला. म्हटलं, या माणसानं आपल्या हट्टापायी शेवटच्या दिवशीसुद्धा गोंधळ घातला. जन्मभर अख्ख्या दुनियेला उलटं बोलले आणि मुलीला मुकले. सूनबाईनं ताट वाढलं तर तिच्यावरही खेकसलो.

आणि काल पुस्तिकेचं ते पान लिहीत होतो. अप आणि डाउनचं. पोरांनाही समजावं म्हणून सोपं करून लिहिलं, की जुन्या माणसांच्या बोलण्यात जंक्शनकडे जाणारी ती डाउन. आणि लेखणी थांबली. जिज्जी, आम्ही त्या दिवशी जंक्शनकडेच निघालो होतो. दद्दांच्या बोलीत ती डाउन. त्यांचा हट्ट त्या दिवशीही असता तर ते म्हणाले असते, डाउननं निघतोय, आणि तू बापाला ओळखून बरोबर सकाळी उभी राहिली असतीस. पण ते अप म्हणाले. सरकारी अप. जीजाजींची अप. जन्मात कधी जी त्यांच्या तोंडातून निघाली नाही ती. मी किती वेळ तो शब्द डोक्यात उलटा-पालटा करत होतो, वाटलं आपणच पुन्हा चुकतोय. मग ते आठवलं, या वेळी जावई हसायचा नाही. ते तापात बोलले नव्हते गं. ते मला सांगत होते. त्यांनी हार मानली होती आणि त्याचा त्यांना आनंद झाला होता. आणि मी भाषेचा मास्तर, कपाळावर पट्टी ठेवत होतो.

मला अजूनही कळत नाही मी कुणावर रागवावं. ते एकदाच तुझ्या घरचं बोलले, आणि तू त्यांच्याच घरचं समजलीस. दोघांनीही एकमेकांचंच धरलं. असं कसं चुकतं माणसांचं? दुपारभर रडलो. मुलगा विचारत होता, काय झालं, तर सांगताही येईना. अप-डाउनसाठी रडतोय असं कसं सांगू? पुस्तिकेतलं ते पान मी अर्धवटच ठेवलंय. ते पूर्ण करायच्या आधी तुला लिहायला हवं होतं.

म्हणून हे पत्र. माफी मी तोंडानं मागेन, कागदावर ती फार सोपी पडते. आत्ता दोनच कामं सांगतो. एक म्हणजे, जीजाजींना हे वाचून दाखव. त्यांना सांग, दद्दा शेवटी त्यांची अप बोलले, आणि बोलून हसले. दुसरं, पितृपक्षातल्या त्या मंगळवारी शेवटच्या गाडीत मी असेन. ती अप की डाउन ते मी लिहीत नाही. सिंघौऱ्याहून सकाळी सुटते आणि टेकडीच्या बाजूनं तुमच्याकडे येते, ती. मी त्याच खिडकीशी बसेन. हॉल्टचा नळ अजून चालतो, मी उघडून पाहिलाय. लोटा भरून उभी राहा. मांडवातल्या भटजींनी शेवटच्या गाडीला पाणी द्यायला गंगाजल मागवलंय, पण ते दद्दा घ्यायचे नाहीत. त्यांनी माझ्याही हातचं घेतलं नव्हतं, जिज्जी. ते तुझ्याच पाण्याची वाट बघतायत.

तुझाच,
लल्ला